समुद्रातून थेट नदीत: एकाच जहाजाने माल नेताना हिशेब कुठून मांडावा

समुद्रातून आलेले जहाज नदीमुखाच्या बंदरात माल न उतरवता तसेच आत शिरते आणि थेट कारखान्याच्या किंवा गोदामाच्या धक्क्याला लागते, तेव्हा मालाची एक पूर्ण चढ-उतार वाचते. पोलादाच्या कॉइल, कागदाचे रोल, खत, धान्य, अवजड यंत्रे या मालाला प्रत्येक हाताळणीत मार बसतो, काही सांडते आणि दिवसही जातात. नदी-समुद्र जहाजाचा खरा फायदा या वाचलेल्या हाताळणीत आहे. बाकी सगळी तडजोड आहे. समुद्रासाठी सांगाडा जड लागतो, म्हणून उथळ पाण्यात असे जहाज तेवढ्याच आकाराच्या बार्जपेक्षा (नदीतल्या सपाट मालनौकेपेक्षा) कमी माल उचलते. नदीसाठी ते सपाट आणि बुटके लागते, म्हणून वादळी समुद्रात ते निव्वळ सागरी जहाजाच्या आधी आसरा शोधते.

त्यामुळे आधी हा मार्ग आपल्या मालाला साजेसा आहे का ते पाहावे. साधारण एक ते पाच हजार टनांची एकगठ्ठा खेप, हाताळणीत बिघडणारा माल आणि नदीकाठी स्वतःचा किंवा जवळचा धक्का, या तीन गोष्टी जुळल्या तर बहुधा परवडते. कोळसा किंवा वाळूसारखा माल वीस-तीस हजार टनांनी न्यायचा असेल, तर मोठे सागरी जहाज आणि पुढे बार्ज हीच जोडी स्वस्त पडते. नदीचा पल्ला फार लांब असेल तरी तेच, कारण सागरी खलाशी आणि सागरी यंत्रणा घेऊन नदीत संथ चालणारे जहाज रोजचे भाडे खातच असते.

एकदा ठरले की हिशेब नदीच्या टोकाकडून मांडायला घ्यावा. पहिली चूक इथेच होते. जहाजाच्या कागदावर २,९०० टन क्षमता लिहिलेली असते आणि त्यावर मालाचा सौदा होऊन जातो. ती क्षमता समुद्रातली असते. नदीत किती माल जाईल हे मार्गावरची सर्वात उथळ जागा, सर्वात बुटका पूल आणि सर्वात अरुंद लॉक (पाणी भरून-सोडून जहाज वर-खाली नेणारे दरवाज्यांचे कुंड) ठरवतात.

मार्गाची मापे

उतरवण्याच्या धक्क्यापासून समुद्राकडे येत प्रत्येक अडथळा लिहून काढा: धक्क्यापाशी खोली, वळायला नदीचे रुंद पात्र कुठे आहे, प्रत्येक पुलाखालची मोकळी उंची, लॉकची लांबी-रुंदी आणि उंबरठ्यावरची खोली, उथळ पट्टे, आणि नदीमुखावरचा वाळूचा दांडा. दांडा बहुतेकांच्या यादीतून सुटतो, कारण तो धड नदीतही नसतो आणि धड समुद्रातही नसतो. तिथे भरती-ओहोटी चालते. उधाणाच्या दिवसांत दांड्यावर मिळणारे पाणी भांगाच्या भरतीला मिळत नाही, म्हणून पोहोचण्याची तारीखही मापाइतकीच महत्त्वाची.

लॉकमुळे जहाजाचा आकार कसा ठरून जातो, याची काही उदाहरणे पाहा. रशियातल्या, १९५२ मध्ये खुल्या झालेल्या वोल्गा-दोन कालव्यातून जास्तीत जास्त १४० मीटर लांब, १६.६ मीटर रुंद आणि ३.५ मीटर ड्राफ्टचे (म्हणजे पाण्याखाली तेवढे बुडणारे) जहाज जाते. वोल्गो-दोन नावाची जहाजे याच मापावर बेतलेली आहेत. फिनलंडच्या साइमा कालव्यात मर्यादा ८२.५ मीटर लांबी, १२.६ मीटर रुंदी, ४.३५ मीटर ड्राफ्ट आणि पाण्यावर २४.५ मीटर उंची अशी आहे. फ्रान्समधल्या ऱ्होन नदीचे लॉक १२ मीटर रुंद आहेत, म्हणून तिथली जहाजे ११.४ मीटरच्या आसपास थांबतात. उत्तर अमेरिकेतला सेंट लॉरेन्स जलमार्ग मात्र २२५.५ मीटर लांब आणि ८.०८ मीटर ड्राफ्टचे जहाज आत घेतो. तिथे उथळ पात्राची चिंता कमी आणि हिवाळ्यातल्या बंदीची जास्त. वोल्गा-दोनही बर्फाच्या महिन्यांत बंद असतो. हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात माल आत नेणार असाल तर जहाज रिकामे होऊन बाहेरही पडले पाहिजे, हे तारखा ठरवतानाच धरा.

नदीच्या गेजबद्दल (पाण्याची पातळी दाखवणाऱ्या मोजपट्टीबद्दल) एक गैरसमज नेहमी आढळतो. गेजवरचा आकडा म्हणजे पाण्याची खोली नव्हे. जर्मनीत ऱ्हाइनवरच्या काउब इथे गेज ७८ सेंटिमीटर दाखवते, तेव्हा नौकामार्गात १९० सेंटिमीटर पाणी असते. म्हणजे गेजच्या आकड्यात ११२ मिळवायचे. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथले गेज २५ सेंटिमीटरपर्यंत उतरले होते, म्हणजे पाणी १३७ सेंटिमीटर. प्रत्येक गेजचा हा फरक वेगळा असतो आणि तो जलमार्ग खात्याच्या तक्त्यातूनच घ्यावा लागतो. शिवाय मापाचे गेज तुमच्या उथळ पट्ट्याचेच आहे ना, हे पाहा. शंभर किलोमीटर वरच्या गेजवरून खालच्या पट्ट्याचा अंदाज बांधणे म्हणजे अंधारात तीर मारणे.

ड्राफ्टचा हिशेब

इथे घाई करू नये. उदाहरणादाखल ८८ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद जहाज घेऊ. समुद्राच्या पाण्यात पूर्ण भरल्यावर, म्हणजे ४.३० मीटर ड्राफ्टला, त्याचे विस्थापन (मालासकट जहाजाचे एकूण वजन) ४,००० टन आहे, आणि ड्राफ्ट एक सेंटिमीटर वाढवायला १० टन लागतात. या दुसऱ्या आकड्याला टीपीसी म्हणतात. तो जहाजाच्या हायड्रोस्टॅटिक तक्त्यात मिळतो आणि ड्राफ्टप्रमाणे थोडा बदलतो.

समजा जहाज सर्वात उथळ पट्ट्यावर पोहोचेल त्या दिवशी तिथे ४.५० मीटर पाणी असेल असा अंदाज आहे. त्यातून एकेक वजावट करत जायचे.

पहिली वजावट अंदाजाच्या चुकीची. माल भरल्यापासून पट्ट्यावर पोहोचेपर्यंत चार-पाच दिवस जातात, आणि पाऊस थांबलेल्या नदीत तेवढ्या काळात पाणी सहज उतरते. २० सेंटिमीटर सोडा. पाणी उतरणीला लागले असेल तर त्याहून जास्त. उरले ४.३०.

दुसरी, तळाखाली ठेवायचे मोकळे पाणी. गाळाचा तळ असेल तर ३० सेंटिमीटर चालतील, खडकाचा असेल तर एवढ्यावर भागवू नये. उरले ४.००.

तिसरी वजावट स्क्वॉटची. उथळ पाण्यात चालणारे जहाज खाली बसते, कारण तळाखालून पाणी जोराने वाहते आणि तिथला दाब कमी होतो. अंदाज काढायला सोपे सूत्र आहे: ब्लॉक कोइफिशंट (पाण्याखालचा सांगाडा चौकोनी ठोकळ्याच्या किती जवळ आहे ते सांगणारा आकडा) गुणिले वेगाचा वर्ग, भागिले १००. वेग नॉटमध्ये, उत्तर मीटरमध्ये. आपल्या जहाजाचा ब्लॉक कोइफिशंट ०.८६ धरला तर ६ नॉटला सुमारे ०.३१ मीटर येते. हे रुंद पाण्यातले. कालव्यात किंवा अरुंद पात्रात ते दुप्पट धरावे, म्हणजे ०.६२. वेग निम्मा केला की स्क्वॉट चौपटीने घटतो, म्हणून उथळ पट्ट्यावर इंजिन मंद करणे हा सर्वात स्वस्त उपाय. सूत्रातला वेग पाण्यातून जाण्याचा असतो. २ नॉटच्या प्रवाहाविरुद्ध चाललेले जहाज जीपीएसवर ४ नॉट दाखवते तेव्हा ते पाण्यातून ६ नॉटने जात असते, आणि बसतेही ६ नॉटच्या हिशेबाने. पट्टा रुंद आहे असे धरून ३० सेंटिमीटर वजा करू. उरले ३.७०.

हा झाला गोड्या पाण्यातला ड्राफ्ट. माल मात्र खाऱ्या पाण्यात, घनता १.०२५ असताना भरायचा आहे. नदीत घनता १.००० झाली की तेच जहाज आणखी बुडते. किती, ते असे काढतात: विस्थापन भागिले टीपीसीची चौपट, उत्तर मिलिमीटरमध्ये. ४.३० मीटरवर ४,००० भागिले ४० म्हणजे १०० मिलिमीटर. आपण त्याहून हलके भरणार आहोत, विस्थापन ३,३२० टनांच्या आसपास, म्हणून ८३ मिलिमीटर. भरणीच्या बंदरातला ड्राफ्ट आला ३.६२ मीटर. ते बंदर निमखारे असेल तर फरक त्या प्रमाणात घ्यायचा: तिथल्या घनतेतून (१,०२५ सारख्या, किलो प्रति घनमीटर) १,००० वजा करा, २५ ने भागा आणि ८३ ने गुणा.

४.३० आणि ३.६२ यांत ६८ सेंटिमीटरचे अंतर, म्हणजे जवळजवळ ६८० टन माल मागे राहिला. कागदावरचे २,९०० टन प्रत्यक्षात २,२२० झाले. वाटेत जळणारे इंधन थोडा ड्राफ्ट परत देते, पण दिवसाला ४ टन जळाले तर तीन दिवसांत फक्त १.२ सेंटिमीटर. ते जमेस धरू नये. टाक्यांत उरलेले बॅलास्ट (जहाज खाली बसवायला घेतलेले पाणी) आणि न मोजलेला गाळ ते खाऊन टाकतात.

हे सगळे जहाज सरळ उभे असताना. १२ मीटर रुंदीचे जहाज एका अंशाने कलले तर खालची कड सुमारे १० सेंटिमीटर खोल जाते. वळणावर सुकाणू जोरात टाकले तरी असा कल येतो. पुढे-मागेही समतोल हवा. भरीव आकाराची जहाजे स्क्वॉटमध्ये नाकाकडून बसतात, त्यामुळे पुढच्या बाजूला आधीच जड असलेले जहाज नाकाने गाळात शिरते आणि प्रवाह त्याला आडवे फिरवतो. सरळ किंवा ५-१० सेंटिमीटर मागे झुकलेले जहाज बरे. मागे त्याहून जास्त झुकवू नका; उथळ पट्ट्यावर प्रोपेलर आणि सुकाणूच आधी लागतात.

उलट दिशेने, म्हणजे नदीत भरून समुद्रात जाताना गणित थोडे दयाळू असते. खाऱ्या पाण्यात जहाज वर येते. नदीतल्या बंदरातून निघताना लोड लाइनच्या (जहाज जास्तीत जास्त किती बुडवायचे त्या खुणेच्या) नियमांनुसार समुद्र गाठेपर्यंत लागणाऱ्या इंधनाच्या वजनाइतके जादा बुडवण्याची मुभाही असते. नदीत जेवढे जमेल तेवढे भरून नदीमुखाच्या खोल बंदरात उरलेला माल चढवणे ही रूढ पद्धत आहे. त्यासाठी तिथला माल आधीच धक्क्यावर हजर हवा, नाहीतर वाचवलेले पैसे थांबण्यात जातात.

पुलाखालची उंची

ड्राफ्टचा हिशेब माल किती जास्त ते सांगतो, पुलाचा हिशेब किती कमी चालणार नाही ते. आपल्या जहाजाची तळापासून, डोलकाठी पाडून आणि केबिन खाली घेऊन, उंची ९.८ मीटर आहे असे धरू. पुलाखाली आज ७ मीटर मोकळे आहेत. ३० सेंटिमीटर सुरक्षेसाठी सोडले तर पाण्यावर ६.७ मीटरच चालतील, म्हणजे ड्राफ्ट किमान ३.१ मीटर हवा. खोलीच्या हिशेबाने कमाल ३.७ आहे. या ६० सेंटिमीटरच्या पट्ट्यात जहाज बसवायचे.

नदी चढली की दोन्ही टोके एकदम वर सरकतात. पाणी एक मीटरने वाढले तर किमान ड्राफ्ट ४.१ मीटर होतो. कमाल आता नदी ठरवत नाही, जहाजाची स्वतःची लोड लाइन ठरवते: खाऱ्यात ४.३०, गोड्यात ४.४०. दीड मीटरने वाढले तर किमान ४.६, आणि वाट बंद. पूर आला की खोली वाढते आणि जहाज मोकळे जाते असे वाटते. प्रत्यक्षात याच वेळी जहाजे पुलाअलीकडे रांग लावून उभी असतात.

कंटेनर असतील तर युरोपच्या जलमार्ग वर्गीकरणातले आकडे हाताशी ठेवावेत: ५.२५ मीटरखालून दोन थर, ७ मीटरखालून तीन, ९.१० मीटरखालून चार. बरेच कंटेनर रिकामे असतील तर जहाज वर येते आणि बॅलास्ट घेतल्याशिवाय हे थर बसत नाहीत.

उंची मोजताना रडार, अँटेना, झेंड्याची काठी आणि हॅच कव्हर (मालाच्या कोठारावरची झाकणे) उचलणारी फिरती क्रेन विसरू नका. हॅच कव्हरे एकावर एक रचून ठेवली असतील तर ती थप्पीच सर्वात उंच भाग ठरू शकते.

समुद्राची परवानगी

नदी-समुद्र जहाजाच्या वर्ग प्रमाणपत्रावर लाटेची उंची आणि आसऱ्याच्या ठिकाणापासूनचे अंतर लिहिलेले असते. भारतात नौवहन महासंचालनालयाने २०१३ मध्ये या जहाजांची स्वतंत्र श्रेणी करून तिचे चार प्रकार पाडले. रशियातल्या नदी-जहाजांच्या वर्गीकरणात एम-एसपी ३.५ अशी खूण असते, त्यातला ३.५ म्हणजे लाटेची मीटरमधली मर्यादा.

हा आकडा कोणत्या लाटेचा, हे विचारलेच पाहिजे. रशियन पद्धतीत तो शंभरातल्या सर्वात मोठ्या तीन लाटांच्या उंबरठ्याचा असतो, तर हवामान अंदाजात सर्वात उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी देतात. पहिला आकडा दुसऱ्याच्या सुमारे १.३२ पट असतो. म्हणजे ३.५ मीटरच्या जहाजासाठी अंदाजातला २.६५ मीटर हा आकडाच मर्यादा. अंदाजात ३ मीटर दिसले आणि ‘साडेतीनच्या आत आहे’ म्हणून निघाले, तर जहाज परवानगीबाहेर गेले.

लांब, उथळ आणि लवचीक सांगाड्याला दोन लाटांच्या शिखरांमध्ये मधोमध वाक येतो. ११ नोव्हेंबर २००७ रोजी काळा समुद्र आणि अझोव समुद्र यांमधल्या केर्च सामुद्रधुनीत वोल्गोनेफ्त-१३९ हे तेलवाहू जहाज वादळात दुभंगले. १५ डिसेंबर २०२४ रोजी त्याच परिसरात वोल्गोनेफ्त-२१२ तुटून बुडाले आणि वोल्गोनेफ्त-२३९ मोडून किनाऱ्याजवळ फसले. जुने पोलाद, झिजलेले पत्रे आणि मर्यादेबाहेरचा समुद्र एकत्र आले की काय होते, ते यातून दिसते. जुने जहाज घेताना पत्र्यांच्या जाडीचा शेवटचा मोजणी अहवाल मागा. कॅप्टनला नदीमुखावर थांबायचा अधिकार आहे हे करारातच लिहा आणि वेळापत्रकात हवामानाचे दोन-तीन दिवस मोकळे ठेवा.

करारात काय लिहावे

गेनकॉनसारख्या सर्वसाधारण चार्टर (जहाज भाड्याने घेण्याच्या करार) नमुन्यात जहाज ठरलेल्या धक्क्यावर, किंवा जिथपर्यंत सुरक्षित आणि तरंगत जाता येईल तिथपर्यंत, माल पोहोचवते. नदीसाठी हे वाक्य धोक्याचे आहे. पाणी उतरले तर जहाजाचा मालक खालच्या बंदरात माल उतरवून मोकळा होऊ शकतो. म्हणून चार गोष्टी स्पष्ट करून घ्या: कोणत्या गेजवरच्या कोणत्या पातळीला किती टन भरायचे, कमी पाण्याचा अधिभार कोणत्या पातळीपासून आणि किती, वाटेत माल बार्जमध्ये हलका करावा लागला तर खर्च कोणाचा, आणि लॉक, पूल किंवा पाण्यासाठी थांबलेले दिवस कोणाच्या खात्यात. ओहोटीत जहाज गाळावर टेकणारा धक्का असेल तर ‘तरंगत नसले तरी सुरक्षितपणे टेकलेले’ अशी मुभा द्यावी लागते. त्यासाठी धक्क्याखाली दगड किंवा जुने लोखंड नाही याची खात्री करणे मालकाचा हक्क आहे, तो मागणारच.

भाडे एकरकमी की टनावर, यावर कमी पाण्याचा धोका कोणाचा हे ठरते. टनावर असेल तर कमी भरलेल्या जागेचे पैसे मालक मागतो; एकरकमी असेल तर तुमचा प्रत्येक टन महाग होतो.

युरोपात बिल ऑफ लेडिंगमुळे (जहाजावर माल घेतल्याच्या पावतीमुळे) कायदाही बदलतो. अंतर्गत जलमार्गावरच्या मालवाहतुकीचा २००१ चा बुडापेस्ट करार, जो २००५ पासून लागू आहे, नदी आणि समुद्र अशा विनाबदल प्रवासालाही लागतो. पण सागरी बिल ऑफ लेडिंग दिले असेल किंवा समुद्रातले अंतर जास्त असेल तर तो लागत नाही. मालाचे नुकसान झाल्यावर भरपाईची मर्यादा कोणती, हे या एका कागदावर अवलंबून असते. विमा उतरवणाऱ्यालाही तो आधी दाखवा.

माल भरणे आणि बांधणे

नदीत भरताना पाणी शांत असते, आणि नेमका त्याचाच घोटाळा होतो. ‘समुद्र यायला अजून दीड दिवस आहे, बांधून घेऊ नंतर’ असे म्हणत जहाज निघते, आणि नदीमुखावर पहिल्याच लाटांना कॉइल सरकते. बांधणी धक्क्यावरच पूर्ण व्हावी. कॉइलखाली फळ्या, बाजूंना पाचरी, प्रत्येक रांगेत शेवटची लॉकिंग कॉइल दोन कॉइलच्या मध्ये वरून बसवलेली आणि ती खालच्या दोघींना पट्टीने बांधलेली. वजन आणि टँक टॉपची (कोठाराच्या तळाची) मर्यादा कॉइलसाठी वेगळी तपासावी, कारण तिचे सगळे वजन दोन-तीन फळ्यांच्या रेषांवर येते. सपाट मालाचा प्रति चौरस मीटर आकडा इथे लागू पडत नाही.

सुटा माल एका टोकाकडून भरत नेऊ नका. या जहाजांना बहुधा एकच लांब होल्ड (मालाचे कोठार) असतो. एक टोक पूर्ण भरले आणि दुसरे रिकामे राहिले तर सांगाडा वाकतो. दोन फेऱ्यांत भरा: आधी पूर्ण लांबीत सुमारे दोन-तृतीयांश, मग ड्राफ्टच्या खुणा वाचून उरलेला, आणि शेवटचे शंभरेक टन समतोल साधायला राखून ठेवा. प्रत्येक टप्प्याला सांगाड्यावर येणारा वाकवणारा आणि कातरणारा ताण लोडिंग कॉम्प्युटरवर आधी पाहावा. बंदरातली मर्यादा समुद्रातल्यापेक्षा सैल असते, म्हणून निघतानाचा आकडा समुद्राच्या मर्यादेत हवा. ओल्या धातू-चुऱ्याचा माल असेल तर ओलाव्याचे प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय भरू नका. उघड्या बार्जमध्ये पावसात भिजलेला चुरा समुद्रातल्या हेलकाव्यांनी पातळ होतो आणि जहाज उलटवू शकतो.

नदीत हॅच कव्हरांची गळती कळत नाही, कारण वर पाणीच येत नाही. भरण्याआधी पाण्याच्या फवाऱ्याने किंवा अल्ट्रासॉनिक यंत्राने चाचणी घ्या. रबरी पट्टीवर कायमचा खोल ठसा पडला असेल तर ती बदलायची. वरून चिकटपट्टी लावणे हा उपाय नव्हे.

बॅलास्ट आणि इंजिनाचे पाणी

बॅलास्ट पाण्याचा आंतरराष्ट्रीय करार ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू आहे. शुद्धीकरण यंत्र निवडताना नदीचा विचार न केलेली जहाजे इथे अडकतात. विजेने क्लोरीन तयार करणाऱ्या यंत्राला मीठ लागते, गोड्या पाण्यात ते चालत नाही. त्यासाठी एका टाकीत समुद्राचे पाणी साठवून थोडे-थोडे मिसळावे लागते. अतिनील दिव्यांचे यंत्र गोड्या पाण्यात चालते, पण गढूळ पाण्यातून प्रकाश जात नाही, म्हणून पुराच्या पाण्यात त्याचा वेग घटतो. बॅलास्ट शक्यतो नदीमुखाबाहेरच्या स्वच्छ पाण्यात घ्यावे; नदीत घेतले तर टाकीत गाळ साचतो, आणि काही फेऱ्यांनी तो गाळच मालाची जागा खातो. कडक थंडीत गोडे बॅलास्ट गोठते, त्यामुळे टाकी काठोकाठ भरू नये.

इंजिन थंड करणारे पाणी समुद्रात खालच्या तोंडाने आणि नदीत वरच्या किंवा बाजूच्या तोंडाने घ्यायचे, नाहीतर तळाचा गाळ ओढला जातो. नदीमुख ओलांडण्याआधी बदल करा आणि दुसरी जाळी साफ करून तयार ठेवा. पाणवनस्पती आणि प्लॅस्टिकने जाळी बंद झाली की तापमान वाढून इंजिन आपोआप थांबते, आणि ते थांबते पुलाअलीकडे किंवा वळणावरच, कारण तिथेच इंजिनाला जोर लागतो.

नदीत चालताना

नदीमुखावर नियम बदलतात. समुद्रात टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम, आत स्थानिक नदीचे. ऱ्हाइनवर वर जाणारे जहाज कोणत्या बाजूने पार व्हायचे ते ठरवते आणि दोन्ही जहाजांनी एकमेकांना उजवीकडे ठेवून जायचे असेल तर निळा फलक व लुकलुकता पांढरा दिवा दाखवते. हे माहीत नसलेला सागरी अधिकारी नेहमीच्या सवयीने वळतो. सागरी पायलट आणि नदीचा पायलट वेगळे असतात. दोघांच्या बदलाची जागा आणि वेळ एजंटकडून लेखी घ्या.

प्रवाहाबरोबर चाललेल्या जहाजाला थांबवणे अवघड असते. म्हणून मागचा नांगर तयार हवा: पुढचा टाकला तर जहाज प्रवाहात फिरून आडवे होते. समोरून येणाऱ्या मोठ्या जहाजाजवळ स्क्वॉट आणखी वाढतो, म्हणून उथळ पट्ट्यावर गाठ पडू नये यासाठी आधीच रेडिओवर बोलून एकाने थांबावे.

उतरवणे आणि परतणे

मालाची मोजणी ड्राफ्टवरून होणार असेल तर पाण्याची घनता स्वतः मोजा. नदीमुखाजवळ वर गोडे आणि खाली खारे असे थर असतात. नमुने वर, मधे आणि तळाशी घेऊन सरासरी काढावी. ४,००० टन विस्थापनाला घनतेत ०.००५ चूक झाली तर सुमारे २० टनांचा फरक पडतो. प्रवाहात पाणी पुढच्या खुणांपाशी फुगते, म्हणून दोन्ही बाजूंच्या पुढच्या, मधल्या आणि मागच्या अशा सहाही खुणा वाचाव्यात, तेही नळी लावून किंवा पाणी स्थिर झाल्यावर.

उतरवायला सुरुवात करण्याआधीच परतीचा ड्राफ्ट ठरवा. आपले जहाज रिकामे आणि नेहमीचे बॅलास्ट घेऊन २.६ मीटरवर तरंगत असेल, तर पुलासाठी लागणाऱ्या ३.१ ला ५० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ५०० टन पाणी कमी पडते. ते टाक्यांत मावत नसेल तर परतीचा माल शोधा किंवा पाणी उतरण्याची वाट पाहा. मावत असेल तर शेवटचे ग्रॅब (क्रेनच्या पंजातला माल) उचलले जात असतानाच पंप सुरू करा, एकावेळी एक जोडी टाक्या पूर्ण भरत न्या. अर्धवट भरलेल्या बऱ्याच टाक्यांतले हलते पाणी जहाजाचा समतोल बिघडवते. शुद्धीकरण यंत्र तासाला २०० टन घेत असेल तर हे काम अडीच तासांचे आहे, आणि नदी गढूळ असेल तर त्याच्या दुप्पट. लॉकची वेळ नोंदवताना तेवढे तास धरा.